उत्तर देणारे आणि उत्तरदायी

क्लोरॉक्स ही अमेरिकेतील धुलाई-सफाईची द्रव्ये बनविणारी जुनी कंपनी. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या संगणकांत चोर शिरले. उत्पादन विस्कळीत झाले आणि तिचा माल दुकानांतून दिसेनासा होऊ लागला. हे चोर आत शिरले कसे? कंपनीने जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात जो दावा दाखल केला, त्यातील हकीकत अशी की, चोरांना कोणतीही भिंत फोडावी लागली नाही. त्यांनी कंपनीच्या मदतकक्षाला, म्हणजे हेल्पडेस्कला, सरळ फोन केला. आपण कंपनीचे नोकर असून पासवर्ड हाताशी नाही, असे सांगितले. आणि पलीकडच्या माणसाने, फोन करणारा कोण याची खातरजमा न करता, नवा पासवर्ड त्यांच्या हवाली केला. हा मदतकक्ष क्लोरॉक्सचा स्वतःचा नव्हता. तो कॉग्निझंट या सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे कंत्राटाने दिलेला होता. क्लोरॉक्सने तिच्याकडे सुमारे ३८ कोटी डॉलरांची भरपाई मागितली. कॉग्निझंटने दोष नाकारला. आमच्याकडे मदतकक्षाचे मर्यादित काम होते, क्लोरॉक्सच्या संगणकांचे रक्षण करण्याचे काम नव्हते, असे तिचे म्हणणे.

खरे कोणाचे, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. त्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वादी-प्रतिवादींची ही दोन वाक्ये शेजारी शेजारी मांडून पाहावीत. एक म्हणतो, काम तुझ्याकडे होते. दुसरा म्हणतो, काम होते, जबाबदारी नव्हती. आपल्या कचेरीतील कामे समुद्रापलीकडे धाडण्याचा जो धंदा गेली तीस वर्षे जगभर फोफावला, त्याचे सारे दुखणे या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे, असे आम्हांस वाटते.

दोन अमेरिकन कंपन्यांच्या भांडणाची चर्चा पुण्याच्या दैनिकाने पहिल्या पानावर का करावी, असे कोणी विचारील. त्याने संध्याकाळी खराडीच्या किंवा मगरपट्ट्याच्या रस्त्यावर क्षणभर उभे राहावे. घरोघरचे दिवे मालवण्याच्या वेळी तेथल्या इमारतींत दिवे लागतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. त्या हिशेबाने या शहरातील हजारो तरुण-तरुणींचे दिवस आणि रात्री ठरतात. त्यांच्या पगारावर घरांचे हप्ते फिटतात, धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात, खाणावळी चालतात, गाड्या धावतात. ज्या धंद्यावर शहराचे एक अंग पोसले गेले, त्याची नाडी कोठे अडते आहे हे पाहणे नागरिकांचे काम नव्हे, असे कोण म्हणेल?

या धंद्याचा आरंभ महाराष्ट्रात तरी मोठ्या सावधपणे झाला होता. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने मुंबईत आपल्या हिशेब-तपासणीच्या कामासाठी एक शाखा काढली. नोकर तिचे, साहेब तिचे, चूक झाली तर नाक कापले जाणार तेही तिचेच. २००२ मध्ये या शाखेचा मोठा हिस्सा भांडवलदारांनी घेतला, ती इतरांचीही कामे करू लागली, डब्ल्यूएनएस या नावाने २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात गेली, पुणे-नाशिकपर्यंत पसरली आणि २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने ती विकत घेतली. या भरभराटीचे आम्हांस कौतुक आहे. तथापि, या एका कंपनीच्या चरित्रात सगळ्या धंद्याची वाटचाल दिसते. प्रथम काम दूर गेले, पण घरचेच राहिले. मग ते परक्याच्या हाती गेले. आणि परक्याच्या हाती गेल्यावर त्याची किंमत दर फोनमागे, दर खुर्चीमागे, दर मिनिटामागे ठरू लागली.

येथे थोडे तपशिलात शिरणे भाग आहे, कारण बाहेरच्या माणसाला हा कारखाना आतून ठाऊक नसतो. फोन घेणाऱ्या मुलीसमोर एक पडदा असतो आणि पडद्यावर ठरवून दिलेली वाक्ये असतात. एक फोन सरासरी किती वेळात संपवला याची रोज नोंद होते. तिला ही मंडळी 'एएचटी' म्हणतात, आणि पगारवाढीचे, बढतीचे, कधी नोकरीचेही भवितव्य त्या तीन अक्षरांवर लोंबकळत असते. समजा, ग्लासगोच्या एखाद्या वृद्धेच्या खात्यातून बँकेने चुकून दंड कापला. चूक बँकेची आहे हे पुण्यातील मुलीला पहिल्या मिनिटात कळते. पण दंड परत करण्याचा अधिकार तिला नसतो. तो तिच्या वरच्यालाही नसतो. तो असतो सातासमुद्रापलीकडे, बँकेच्या एखाद्या खात्यात, जेथे तिला थेट फोनही लावता येत नाही. ती फक्त एक अर्ज पुढे ढकलू शकते. तोवर वृद्धा चिडलेली असते, घड्याळ धावत असते, आणि पडद्यावरचे वाक्य तिला सांगत असते की, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत असे म्हण. ती म्हणते. वृद्धेला ते उद्दामपणाचे वाटते. संभाषण संपते तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक माणूस अपमानित झालेला असतो, आणि ज्याने दंड कापला तो कोठेच नसतो.

या संतापाचे खापर मात्र आमच्या मुलामुलींच्या उच्चारांवर फुटले. इंग्लंड-अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी, विनोदी नटांनी आणि पुढाऱ्यांनीही त्या उच्चारांची यथेच्छ टवाळी केली. उच्चारांची अडचण मुळीच नसते असे आम्ही म्हणत नाही. पण तोच खरा रोग असता तर तो आपल्या घरी दिसला नसता. वाचकांपैकी कोणीही आपल्याच बँकेच्या किंवा फोन कंपनीच्या ग्राहकसेवेला एकवार फोन करून पाहावा. मराठीसाठी अमुक अंक दाबा, मग तमुक अंक दाबा, मग संगीत ऐका, आणि अखेर अस्सल मराठीत, अत्यंत शुद्ध उच्चारात, 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' एवढेच कानी पडते. देश एक, भाषा एक, कित्येकदा शहरही एक, मनस्ताप तोच. तेव्हा अंतराने रोग बळावतो हे खरे, पण त्याचे मूळ अधिकाराच्या अभावात आहे.

ज्यांना बळ आहे त्यांनी हे ओळखले आणि आपली सोय करून घेतली. नोव्हेंबर २००३ मध्ये डेल या संगणक कंपनीने आपल्या मोठ्या व्यावसायिक ग्राहकांचे मदतीचे फोन बंगळूरहून काढून पुन्हा अमेरिकेत नेले. घरगुती ग्राहकांचे फोन मात्र बंगळूरलाच राहिले! शेकडो संगणक घेणाऱ्यांची तक्रार ऐकू आली, एक संगणक घेणाऱ्याची आली नाही. पुण्याला स्वतःला हा अनुभव २०११ मध्ये आला. त्या वर्षीच्या जुलैत सँटँडर बँकेने आपल्या ब्रिटिश ग्राहकांचे फोन पुणे आणि बंगळूर येथून काढून ग्लासगो, लेस्टर आणि लिव्हरपूल येथे नेले. ग्राहकांचा असंतोष हे कारण सांगण्यात आले. त्या ग्राहकांना येथून उत्तरे देणाऱ्या मुलांना आपल्या उत्तरांपलीकडे काही करण्याची मुभा होती काय, हा प्रश्न त्या वेळी येथेही कोणी विचारला नाही आणि तेथेही विचारला नाही.

आता धोक्याकडे वळू. मनस्तापाने गिऱ्हाईक जाते. धोक्याने पतच जाते. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघडकीस आले, त्याने हा धंदा प्रथमच हादरला. एम्फेसिस कंपनीच्या येथील कॉल सेंटरमध्ये सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे फोन घेतले जात. तेथे काम केलेल्या काही तरुणांनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि साथीदारांच्या मदतीने सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील बनावट खात्यांत वळविले. बँकेला सुगावा लागला आणि पोलिसांनी त्यांस पकडले. विशेष हे की, यात संगणकशास्त्राचे कसलेही पांडित्य नव्हते. ग्राहकाने विश्वास टाकला आणि कुंपणानेच शेत खाल्ले. त्यानंतर नोकरांची पूर्वपीठिका तपासण्यासाठी 'नॅसकॉम'च्या पुढाकाराने २००६ मध्ये एक राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. कामाच्या दालनांत मोबाइल, कागद, पेन नेण्यास बंदी आली. दारावर झडत्या सुरू झाल्या. या खबरदाऱ्या योग्यच होत्या. परंतु मार्च २०२० च्या टाळेबंदीत तीच दालने ओस पडली, संगणक गाड्यांत घालून कामगारांच्या घरी पोहोचविण्यात आले आणि पेन-कागदालाही मज्जाव असलेले काम दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सर्वांच्या देखत होऊ लागले. त्या काळात बहुसंख्य मुलांनी प्रामाणिकपणे काम केले, हे झडती घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

झडतीने सगळे भागत नाही, हे २०२५ मध्ये पुन्हा दिसले. कॉइनबेस ही आभासी चलनांच्या उलाढालीची अमेरिकन कंपनी. तिने त्या वर्षीच्या मे महिन्यात जाहीर केले की, परदेशातील ग्राहकसेवेच्या काही कर्मचाऱ्यांना लाच देऊन चोरांनी ग्राहकांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि ओळखपत्रांच्या प्रतिमा मिळविल्या. झळ पोहोचलेल्या ग्राहकांची संख्या ६९,४६१ होती. चोरांनी २ कोटी डॉलरांची खंडणी मागितली. कंपनीने ती नाकारली, पण एकंदर खर्चाचा तिचा अंदाज १८ ते ४० कोटी डॉलरांचा होता. इंदूर येथे टास्कअस या कंत्राटदार कंपनीतील एक कर्मचारी स्वतःच्या फोनने पडद्याची छायाचित्रे घेताना पकडला गेला आणि पुढे तेथील दोनशेहून अधिक लोकांना नोकरीवरून कमी करण्यात आले, असे रॉयटर्सने जूनमध्ये प्रसिद्ध केले.

लाच घेणाऱ्याची आम्ही वकिली करीत नाही. चोरी ती चोरीच. परंतु कोट्यवधी डॉलरांच्या किल्ल्या तुटपुंज्या पगाराच्या हातात द्यावयाच्या, त्या हाताला ना मान, ना अधिकार, ना उद्याची शाश्वती, आणि मग तो हात मोहात पडला म्हणून आश्चर्य करावयाचे, यात शहाणपण कसले? आपल्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानातील कारभार हाकणारी ईस्ट इंडिया कंपनी ही एका अर्थाने या धंद्याची पूर्वज होय. केपला वळसा घालून येणाऱ्या पत्राला पाच-सहा महिने लागत, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच ते! कंपनी आपल्या कारकुनांस नाममात्र पगार देई आणि त्यांच्या हाती अमाप व्यवहार सोपवी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कारकून खाजगी व्यापारात आणि नजराण्यांत गब्बर झाले, कंपनी कर्जात बुडाली आणि बंगालच्या रयतेची धूळधाण झाली. १७८६ मध्ये आलेल्या कॉर्नवॉलिसने नुसते कडक हुकूम काढले नाहीत. त्याने खाजगी व्यापार बंद केला तसे पगारही भरघोस वाढविले. त्याच्या राज्यकारभाराविषयी आमचे मत काहीही असो. स्वस्तात घेतलेला विश्वास महाग पडतो, हे त्या व्यवहारी माणसाला कळले होते. आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांस ते का कळू नये?

या धंद्याची दुसरी काळी सावली आणखी जवळ पडलेली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाण्याच्या पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील मुले अमेरिकन नागरिकांना फोन करून, आपण त्यांच्या आयकर खात्यातून बोलत आहोत, थकबाकी भरा नाहीतर अटक होईल, असा दम देत आणि पैसे उकळीत. शेकडो तरुण ताब्यात घेतले गेले आणि सुमारे ७० जणांना अटक झाली. तेच अमेरिकन उच्चार, तीच लिहून दिलेली वाक्ये, तेच रात्रीचे काम. फक्त मालक चोर! या टोळ्यांमुळे आज अमेरिकेतील म्हातारा माणूस भारतीय आवाज ऐकताच फोन खाली ठेवतो आणि त्याचा भुर्दंड प्रामाणिक कामगाराला बसतो. असल्या बनावट केंद्रांचा बंदोबस्त हा पोलिसांच्या फुरसतीचा विषय राहता कामा नये.

आणि धोका केवळ परदेशी ग्राहकाच्या पैशाला असतो असेही नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीसाठी कंपनीच्या व्यवस्थेतील गाडीतून निघालेल्या एका तरुणीवर चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. आरोपींस फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ मध्ये कायम केली, परंतु अंमलबजावणीस झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती ३५ वर्षांच्या कारावासात बदलली. गाडी कंत्राटदाराची, कंत्राटदार कंपनीने नेमलेला, कंपनीचे काम परदेशी गिऱ्हाइकासाठी: साखळीच्या कोणत्या कडीने त्या मुलीला रात्री सुखरूप पोहोचविण्याची हमी घेतली होती? महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने २०१७ मध्ये स्त्रियांच्या रात्रपाळीला त्यांच्या संमतीची आणि संरक्षणाची अट घातली. ती कागदावर आली याचे समाधान आहे. ती पहाटे तीन वाजता, शहराबाहेरच्या रस्त्यावर कितपत पाळली जाते हे कामगार खात्याने रात्री जागून पाहावे.

परदेशात या असंतोषाचे रूपांतर आता कायद्यांच्या मसुद्यांत होत आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये जुलै २०२५ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून एक विधेयक मांडले, त्यात फोन घेणाऱ्याने आपण कोठून बोलतो हे सांगावे आणि ग्राहकाने मागितल्यास फोन अमेरिकेतील माणसाकडे द्यावा, अशी तरतूद होती. सप्टेंबरमध्ये दुसरे विधेयक आले, ते परदेशातील अशा कामांच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लादणारे. विधेयके मांडली जातात तितकी संमत होत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, ते कळण्यापुरती ही पाने हलली आहेत. यंत्राकडून उत्तरे देवविण्याचे नवे वेडही आहेच. स्वीडनच्या क्लार्नाने २०२४ मध्ये आपले यंत्र ७०० माणसांचे काम करते असे अभिमानाने सांगितले आणि दुसऱ्याच वर्षी ग्राहकांसाठी पुन्हा माणसे नेमण्यास आरंभ केला. अधिकार नसलेल्या माणसाच्या जागी अधिकार नसलेले यंत्र बसविले, तर ग्राहकाच्या पदरी वेगळे काय पडणार?

आपल्या हाती काय आहे? परदेशी कंपन्यांना आपण अधिकार वाटण्यास भाग पाडू शकत नाही. परंतु येथील कंपन्या कंत्राट करताना ते मागू शकतात: अमुक रकमेपर्यंतचा दंड आमचा कर्मचारी स्वतः परत करील, संशय आल्यास तो फोन थांबवील आणि त्यासाठी त्याच्या मिनिटांचा हिशेब मांडला जाणार नाही. दर घटवून कंत्राट पटकावणाऱ्यांच्या शर्यतीत हे कोण मागणार, असे म्हटले जाईल. त्यावर आमचे उत्तर इतकेच की, स्वस्ताईची शर्यत आपण मनिलाशीही हरू शकतो आणि यंत्राशी तर हरणारच आहोत.

सरकारच्या हाती मात्र याहून पुष्कळ अधिक आहे, आणि तेथेच आमची मुख्य तक्रार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याच्या १७ व्या कलमात एक सवलत ठेवली आहे: परदेशी कंपनीशी केलेल्या करारानुसार भारताबाहेरील व्यक्तींची माहिती येथे हाताळली जात असेल, तर कायद्यातील बहुतेक कर्तव्ये लागू होत नाहीत. माहिती सुरक्षित राखण्याचे बंधन राहते. पण माहिती फुटली तर ज्याची ती फुटली त्याला कळविण्याचे कर्तव्य मात्र या सवलतीत गळून पडते. धंद्याला कायद्याचा जाच नको, परदेशी गिऱ्हाईक बिचकता कामा नये, हा यामागील हेतू उघड आहे. आम्हांस हा हिशेब उलटा वाटतो. पुण्यात बसलेल्या माणसाने ग्लासगोच्या वृद्धेची माहिती विकली, तर तिला ते सांगण्यास आमचा कायदा कोणास बांधत नाही. आणि तिने मात्र आमच्यावर विश्वास ठेवून फोनवर आपला खातेक्रमांक सांगावा!

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू करण्याचे ठरले. माहिती फुटल्याचे कळविण्याचे बंधन परदेशी ग्राहकांनाही लागू करणारी दुरुस्ती आणणे हे काही कठीण काम नव्हे. एका पोटकलमाचा उल्लेख अपवादात वाढविला की पुरे. ती दुरुस्ती मागण्याचा मान ज्या शहराने २००५ चे प्रकरण पाहिले त्या पुण्याच्या खासदारांनी घ्यावा, आणि 'नॅसकॉम'ने त्यांच्या मागे उभे राहावे. या मागणीला पहिला विरोध कोणत्या कचेऱ्यांतून येतो, याकडे खराडीत आणि हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी लक्ष ठेवावे.